वाचकांचे प्रश्न : मानेतली धमनी, व्हाइट मॅटर आणि विसरणारा उंदीर

मेंदूला रक्त कमी पडल्यामुळे येणाऱ्या विस्मरणावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांचा रोख बहुतेक एकच आहे : हे सगळं उंदरांवर तपासतात म्हणजे नेमकं करतात काय, आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा? उत्तरांआधी शब्दांचा एक घोळ मिटवून टाकू. आपण मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतो. प्रयोगशाळेत पाव किलोचा तो रॅट आणि पंचवीस ग्रॅमचा तो माऊस. दोघांच्या मेंदूची नळजोडणी वेगळी असते. पुढची निम्मी उत्तरं या फरकावर उभी आहेत.

प्रश्न : आईचं वय ७४, रक्तदाब जुना. एमआरआयच्या रिपोर्टात व्हाइट मॅटरमध्ये बदल असल्याचं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, बारीक रक्तवाहिन्यांचा आजार आहे, यावर खास असं औषध नाही. पण उंदरांची स्मरणशक्ती परत आल्याच्या बातम्या तर सारख्या येत असतात. ती औषधं आमच्यापर्यंत का येत नाहीत? (एक वाचक भगिनी, कारेलीबाग)

ताई, मुख्य अडचण मेंदूच्या रचनेत आहे. माणसाच्या मेंदूचा साधारण अर्धा भाग व्हाइट मॅटर असतो, म्हणजे एका भागाकडून दुसऱ्याकडे निरोप नेणाऱ्या तारांचे जुडगे. रॅट किंवा माऊसमध्ये हा वाटा जेमतेम दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. त्यात माणसाच्या मेंदूत पृष्ठभागावरून खोलवर जाणाऱ्या लांब, बारीक, एकट्या धमन्या असतात. त्यांच्या शेवटच्या टोकाला, शेतातल्या शेवटच्या सरीला पाणी पोचू नये तसं, रक्त कमी पडतं. आईच्या एमआरआयवर दिसलेले डाग बहुधा त्याच टापूतले असतील. उंदराचा मेंदू इवलासा आणि गुळगुळीत, त्यात एवढा लांबचा पल्लाच नाही.

दुसरी अडचण काळाची. आईच्या वाहिन्या वीसेक वर्षांच्या रक्तदाबाने जाड होत गेल्या. उंदरात तोच परिणाम आठ आठवड्यांत उभा करायचा म्हणून निरोगी, तरुण प्राण्याच्या मानेतल्या धमन्या एका दिवसात बांधतात. औषध बऱ्याचदा त्याच दिवशी, कधी तर आठवडाभर आधीच सुरू होतं. आजार सुरू होण्याच्या आठवडाभर आधी कोणता रुग्ण डॉक्टरांकडे जातो?

माणसांवरच्या अभ्यासांतला एक निष्कर्ष तुमच्या कामाचा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्प्रिंट माइंड या अमेरिकी अभ्यासात वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य घेतलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचं प्रमाण कमी दिसलं. पूर्ण डिमेन्शियाबाबत मात्र फरक पक्का ठरला नाही. आईसाठी लक्ष्य किती ठेवायचं ते डॉक्टरच ठरवतील, कारण या वयात रक्तदाब फार उतरला तर उठताना घेरी येऊन पडण्याची भीती असते. घरी सकाळ-संध्याकाळ बसून मोजलेल्या आकड्यांची वही मात्र त्यांच्यासमोर ठेवाच.

प्रश्न : एम.फार्म.च्या प्रबंधासाठी रॅटच्या दोन्ही कॅरॉटिड (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या) बांधायच्या की माऊसला स्प्रिंग बसवायची, हे ठरत नाही. गाइड म्हणतात रॅट स्वस्त आणि सोपा. कृती आणि अडचणी दोन्ही सांगाल का? (विद्यार्थिनी, फतेहगंज)

गाइडचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला विलिसचं कडं म्हणतात. रॅटमध्ये ते पुरतं जोडलेलं असतं. पुढच्या दोन्ही कॅरॉटिड बंद केल्या तरी मागच्या बाजूने रक्त येत राहतं आणि बहुतेक प्राणी जगतात. आपण सर्रास वापरतो त्या सी-५७ ब्लॅक-६ जातीच्या माऊसमध्ये मागचा जोड कच्चा असतो. त्याच्या दोन्ही धमन्या बांधल्या तर तो दगावतो. म्हणून त्याच्या धमन्या फक्त अरुंद करायच्या.

आधी रॅट. २५० ते ३०० ग्रॅमचा, विस्टार जातीचा रॅट घ्या. गळ्याच्या मधोमध सुमारे दोन सेंटिमीटरची चीर द्या, लाळग्रंथी आणि स्नायू बोथट चिमट्याने बाजूला सारा. श्वासनळीच्या बाजूला धडधडणारी लाल नळी दिसते, ती कॅरॉटिड. तिला बिलगून एक पांढरा दोरा असतो, तो व्हेगस मज्जातंतू. पहिल्या दहा शस्त्रक्रियांतली बहुतेक नासधूस इथेच होते. टोकदार चिमटा वापरला किंवा घाई केली की व्हेगस ओढला जातो, श्वास घरघरतो आणि प्राणी रात्रीत जातो. काचेच्या आकड्याने दोन्ही अलग करा, धमनीखालून ५-० चे रेशमी दोरे दोन ठिकाणी घ्या आणि घट्ट गाठ मारा. एकच गाठ कधी कधी सैल पडते आणि महिनाभराने कापून पाहिलं की रक्त मजेत वाहताना सापडतं.

दोन्ही बाजू एकाच दिवशी बांधू नका. एका आठवड्याचं अंतर ठेवलं की मृत्यू बरेच कमी होतात. तरी पाचात एक प्राणी जाईल असा हिशेब धरून चाला.

दोन्ही बाजू बंद झाल्यावर कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, रक्तपुरवठा नेहमीच्या ३५ ते ४५ टक्क्यांवर येतो. हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मृती घडवणाऱ्या भागाचा, तेवढा पडत नाही, तो ६० टक्क्यांच्या आसपास राहतो. पहिले दोन-तीन दिवस हा तीव्र टप्पा. त्या काळात दिसणारं नुकसान अचानक आलेल्या झटक्याचं असतं. पुढचे आठ ते बारा आठवडे रक्त थोडं कमीच राहतं, आणि तुम्हाला अभ्यासायचा आहे तो हा टप्पा. मग जोडवाहिन्या रुंदावतात आणि पुरवठा पूर्ववत होत जातो. चौथ्या दिवशी प्राणी मारून ‘दीर्घकालीन रक्तन्यूनता’ असा मथळा दिलेले प्रबंध आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. त्यात भर घालू नका. औषधही दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू करा. ब्राह्मीचा अर्क सात दिवस आधीपासून पाजला तर तुम्ही प्रतिबंध तपासता, उपचार नाही. तसं असेल तर शीर्षकातही तसंच लिहा.

आता माऊस. क्योटोच्या गटाने २००४ मध्ये ही पद्धत मांडली. ०.०८ मिमी तारेची, आतून ०.१८ मिमी व्यासाची, अडीच मिमी लांबीची स्प्रिंग कॅरॉटिडभोवती गुंडाळायची. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांत अर्धा मिमी अंतर असतं. धमनी दोन बारीक दोऱ्यांवर हलकेच उचलून धरायची, स्प्रिंगचं टोक खालून सरकवायचं आणि स्प्रिंग फिरवत चढवायची. फिरते ती स्प्रिंग, धमनी जागची हलता कामा नये. धमनी ओढली तर फाटते आणि पंचवीस ग्रॅमच्या जिवात सांडायला रक्त असतं किती? अर्ध्या तासाने दुसरी बाजू. शेजारचा सिम्पथेटिक मज्जातंतू दुखावला तर त्या बाजूची पापणी खाली येते. अशा प्राण्याची नोंद वेगळी ठेवा.

स्प्रिंगच्या मापात ०.०२ मिमीनेही फरक पडतो. नळीतला अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. ०.१८ ऐवजी ०.१६ मिमी घेतली तर त्या तुकड्यातला अडथळा साध्या गणिताने १.६ पट होतो, आणि बरेच प्राणी दोन आठवड्यांत दगावतात. म्हणून प्रत्येक खेपेतल्या चार-पाच स्प्रिंगा सूक्ष्मदर्शकाखाली मोजूनच पुढे जा. एमआरआय करायचा विचार असेल तर अचुंबकीय धातूची स्प्रिंग आधीच मागवा. पोलादी तार मानेत असलेला प्राणी त्या खोलीत नेता येत नाही.

माऊसचा फायदा असा की नुकसान मुख्यतः व्हाइट मॅटरमध्ये होतं आणि साधारण चौदाव्या दिवसापासून दिसू लागतं. महिनाभराने काम चालू असताना गोष्टी लक्षात ठेवणारी स्मृती बिघडते आणि हिप्पोकॅम्पस बराच काळ शाबूत राहतो. कारेलीबागच्या ताईंच्या आईंच्या आजाराशी याचं साम्य जास्त आहे. हात बसलेला असेल आणि लेझर डॉप्लर (रक्तप्रवाह मोजणारं यंत्र) हाताशी असेल तर माऊस घ्या. दोन्ही नसेल तर रॅट, पण पुढचा प्रश्न वाचून.

डॉप्लरबद्दल एवढंच : तो आकडा सापेक्ष असतो. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर कवटीवरच्या त्याच खुणेवर, भुलीच्या त्याच खोलीला मोजा. आयसोफ्लुरेन हे हुंगवायचं भुलीचं औषध स्वतःच मेंदूच्या वाहिन्या रुंद करतं. आधी हलकी भूल आणि नंतर गाढ भूल असेल तर पुरवठा पडलाच नाही असं वाटेल.

प्रश्न : शस्त्रक्रिया केलेले विस्टार पाण्याच्या चक्रव्यूहात प्लॅटफॉर्म शोधायला दुप्पट वेळ घेतात. म्हणजे स्मृती गेली असं लिहू का? (संशोधक विद्यार्थी, सयाजीगंज)

थांबा. ते पाहू शकतात का, हे आधी तपासा.

डोळ्याच्या पडद्याला रक्त याच कॅरॉटिडमधून जातं. दोन्ही कायमच्या बांधल्या की काही रॅटांचा पडदा आणि दृष्टितंतू नष्ट होतात, काहींचे वाचतात. विस्टार पांढरा, लाल डोळ्यांचा, त्याची नजर मुळातच मंद. पाण्याचा चक्रव्यूह हा भिंतीवरच्या खुणा पाहून, टाकीत पाण्याखाली लपवलेल्या प्लॅटफॉर्मची दिशा ओळखण्याचा खेळ. आंधळा रॅट त्यात हरणारच, त्याची स्मृती कितीही तल्लख असो.

तपासणी सोपी आहे आणि पाच मिनिटांची आहे. शस्त्रक्रियेला आठवडा झाल्यावर, भूल न देता, प्राणी पाच मिनिटं अंधारात ठेवा. मग सहकाऱ्याला तो हातात सैलसर धरायला सांगा आणि बारीक टॉर्चचा झोत बाजूने डोळ्यावर आणा. शाबूत डोळ्यात मधला गडद लाल ठिपका झटकन आकसून टाचणीच्या टोकाएवढा होतो. गेलेल्या डोळ्यात तो तसाच रुंद, हरभऱ्याच्या डाळीसारखा पसरलेला राहतो. दोन्ही डोळे दोनदा तपासून वहीत लिहा. भूल किंवा अफूवर्गीय वेदनाशामक दिल्याच्या दिवशी हे करू नका, औषधानेच बाहुली बदलते.

दुसरी खात्री टाकीतच करता येते. प्लॅटफॉर्म पाण्याच्या दोन सेंटिमीटर वर आणा, त्यावर झेंडी लावा आणि प्रत्येक फेरीला जागा बदला. इथे आठवायचं काही नाही, दिसेल तिकडे पोहायचं. तुमचे रॅट इथेही चाचपडत असतील तर दोष डोळ्यांचा किंवा पायांचा. पायांचं उत्तर पोहण्याच्या वेगातून मिळतं, म्हणून निव्वळ वेळेवर विसंबू नका, अंतर आणि वेग दोन्ही काढा. आणि पाणी मोजा. २२ ते २५ अंश ठीक. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी तसंच भरलंत तर गारठलेला रॅट पोहणंच सोडतो.

नजर गेलेले प्राणी वगळायचे, पण हा नियम प्रयोगाआधी लिहून ठेवलेला हवा. निकाल पाहून वगळलेत तर ती चलाखी ठरते. स्मृतीसाठी नजरेवर कमी अवलंबून असलेली चाचणी जोडा : वाय आकाराच्या मार्गात आलटून-पालटून फांद्या निवडणं, किंवा वास आणि स्पर्शाने ओळखता येणाऱ्या वस्तूंची नवी-जुनी ओळख. पुढच्या खेपेला काळ्या डोक्याचे लाँग-इव्हान्स मिळत असतील तर पाहा, त्यांची नजर बरी असते.

प्रश्न : मी प्राणीगृहात काम करतो. मे महिन्यात केलेल्या आणि जानेवारीत केलेल्या तुकड्यांचे निकाल जुळत नाहीत, म्हणून साहेब आमच्यावर नाराज. चूक आमची का? (वाचक, मांजलपूर)

एकट्या तुमची नक्कीच नाही. भुलीत प्राण्याला स्वतःचं तापमान राखता येत नाही. जानेवारीच्या सकाळी स्टीलच्या टेबलावर तो अर्ध्या तासात दोन-तीन अंश गार होतो, आणि गार मेंदूला रक्त कमी पडलं तरी इजा कमी होते. हिवाळ्याच्या तुकडीत ‘औषध न देताही’ नुकसान कमी दिसण्याचं पहिलं संशयित कारण हेच. गुदद्वारात तापमापी, खाली गरम पॅड, ३७ अंशांच्या अर्धा अंश अलीकडे-पलीकडे, आणि शुद्धीवर येईपर्यंत तेच. गरम पाण्याच्या बाटलीवर भागवू नका, ती आधी भाजते आणि मग गार पडते.

मेमध्ये उलट. बाहेर ४२ असताना लाइट गेली की खोली तासाभरात ३० च्या वर जाते. प्राणीप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या मार्गदर्शनानुसार खोली १८ ते २९ अंशांत हवी. एसी जनरेटरवर आहे का एवढं विचारू नका, जनरेटर आपोआप सुरू होतो की कुणाला जाऊन चालू करावा लागतो ते विचारा. कमाल-किमान दाखवणारा तापमापी पिंजऱ्यांच्या उंचीला टांगा, दाराजवळ नको.

भूल कोणती होती तेही पाहा. केटामाइन पेशींवरच्या ज्या ग्राहींना (रासायनिक निरोप घेणाऱ्या जागांना) अडवतं त्यांतूनच मरणाऱ्या पेशींचं नुकसान पसरतं, त्यामुळे ते स्वतःच थोडं संरक्षण देतं. झायलाझिन रक्तदाब उतरवतं आणि साखर चढवतं. एका तुकडीत हे आणि दुसरीत आयसोफ्लुरेन असेल तर तुलना तिथेच संपली.

शिवाय आपल्या वडोदऱ्याचं एक खास कारण : आवाज. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या गरब्याच्या भोंग्यांनी आणि उत्तरायणाच्या रात्रीच्या फटाक्यांनी प्राण्यांची झोप मोडते, ताण वाढतो, आणि ताणलेला उंदीर चाचणीत कोपऱ्यात बसून राहतो. ते दिवस कॅलेंडरवर लाल करा आणि त्या आठवड्यात वर्तनचाचण्या लावूच नका.

प्रश्न : तरुण रॅटचा गळा आवळून म्हाताऱ्या माणसाचा आजार कसा कळणार? हे म्हणजे नळ बंद करून गंजलेल्या पाइपाचा अभ्यास. (निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार)

सर, उपमा चपखल आहे. म्हणूनच या क्षेत्रात एकाच प्राण्यावर कुणी शपथ घेत नाही. गंजलेला पाइप हवा असेल तर तो रक्तदाबाचा रॅट. ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ मध्ये क्योटोत आपोआप उच्च रक्तदाब होणारी रॅटची जात तयार केली, पुढे तिच्यातून पक्षाघाताकडे झुकणारी पोटजात निघाली. तिला मिठाचं पाणी, साधारण एक टक्का, दिलं की वाहिन्या जाड होतात, गळतात, फुटतात. खोट अशी की पक्षाघात कधी आणि कुठे होईल याचा भरवसा नाही. एकाच पिंजऱ्यातल्या दोघांत दोन महिन्यांचा फरक पडू शकतो.

आनुवंशिक बिघाडासाठी नॉच-३ जनुक बदललेला माऊस आहे. माणसातल्या कॅडासिल या मेंदूच्या बारीक वाहिन्यांच्या आनुवंशिक आजाराचा दोष १९९६ मध्ये याच जनुकात सापडला. अल्झायमरमधलं अमिलॉइड हे प्रथिन वाहिन्यांच्या भिंतीत साठतं, त्यासाठी वेगळा माऊस. आणि आपल्या शाकाहारी घरांना जवळचा वाटेल असाही एक नमुना आहे : खाद्यातून बी-६, बी-१२ आणि फोलेट काढायचं, मेथिओनिन हे अमिनो आम्ल वाढवायचं. रक्तात त्यापासून बनणारं होमोसिस्टीन चढतं आणि तीनेक महिन्यांत मेंदूत बारीक रक्तस्राव दिसू लागतात. यावरून कुणी इंजेक्शनांचा कोर्स सुरू करू नये. बी-१२ ची पातळी आधी तपासावी, कमी असेल तर भरून काढावी. माऊसला त्या खाद्यात तिन्ही जीवनसत्त्वं एकदम तोडलेली असतात.

शोधनिबंध वाचताना सर, वय पाहा. बारा आठवड्यांचा नर म्हणजे माणसात विशीतला गडी. अठरा महिन्यांचे प्राणी सांभाळायला दीड वर्षाचं खाद्य लागतं, म्हणून फार थोडे जण ते वापरतात. माद्या तर त्याहून कमी.

प्रश्न : गटात किती प्राणी घ्यायचे? समिती कमी करा म्हणते, परीक्षक वाढवा म्हणतात. (एक अध्यापक, अलकापुरी)

आपल्याकडे ‘गटात सहा’ ही रूढी आहे, गणित नव्हे. दोन गटांची तुलना, योगायोगाने फरक दिसण्याची पाच टक्के मुभा आणि खरा फरक पकडण्याची ८० टक्के शक्यता धरली तर सहा-सहा प्राण्यांत फरक सापडायला सरासऱ्यांमधलं अंतर प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या) सुमारे १.८ पट लागतं. वर्तनाच्या चाचणीत एवढा मोठा फरक क्वचित दिसतो. एक पट विचलनाचा फरक पकडायचा तर गटामागे १७ लागतात, आणि पाचातला एक जाईल असं धरलं तर २२ ने सुरुवात.

समितीला हा हिशेब फॉर्म ‘ब’ मध्ये उघड मांडा. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची केंद्रीय समिती, जी आधी सीपीसीएसईए होती आणि आता सीसीएसईए आहे, तिच्या नियमांनुसार लहान प्राण्यांचे प्रस्ताव संस्थेची समिती पाहते. सहा प्राण्यांचा निष्फळ प्रयोग चारदा करण्यापेक्षा २२ चा एकदा केला तर बळी कमी जातात, हे तिला पटतं. गट कमी करून तर आणखी वाचतात. तीन मात्रा, एक प्रमाणित औषध, एक नुसता द्रावक, असे पाच गट हवेतच का? बहुतेकदा तीन पुरतात.

वाटणी चिठ्ठ्यांनी करा. शस्त्रक्रिया करणाऱ्याला औषध कळू नये आणि चाचणी घेणाऱ्याला गट. लक्सॉल फास्ट ब्लू या रंगाने (तो मायलिन, म्हणजे तंतूंचं आवरण, रंगवतो) रंगवलेल्या मेंदूच्या कापांना ० ते ३ गुण देतात : शून्य म्हणजे निरोगी, एक म्हणजे तंतू विस्कटलेले, दोन म्हणजे पोकळ्या, तीन म्हणजे मायलिन गेलेलं. एक आणि दोनच्या सीमेवर डोळा मनासारखं पाहतो, तेव्हा काचपट्ट्यांवरचे क्रमांकसुद्धा तिसऱ्या माणसाने बदललेले बरे.

प्रश्न : जुन्या पुस्तकात जर्बिल दिसतो. आता का नाही? (विद्यार्थी, वाघोडिया रोड)

जर्बिलमध्ये विलिसच्या कड्याचा मागचा जोड बहुधा नसतोच. पाच मिनिटं दोन्ही कॅरॉटिड चिमटल्या की हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ पट्ट्यातल्या पेशी पुढच्या तीन-चार दिवसांत मरतात. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णाच्या मेंदूचा अभ्यास करायला तो चांगला. वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी पडणाऱ्या रक्ताचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी नको.